निर्वात पंपाच्या रचनेतील सुधारणा : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

बंद पात्रातील हवा उपसून काढणे हे काम ऐकावयास सोपे आणि करावयास अत्यंत बिकट आहे. विजेच्या जुन्या दिव्यापासून संगणकातील चिपपर्यंत आणि साखर कारखान्यातील पॅनपासून गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेपर्यंत, जेथे जेथे मनुष्याने हवेस बाहेर थांबावयास भाग पाडले आहे, तेथे तेथे निर्वात पंप नावाचे यंत्र, बहुधा कोणाच्या नजरेस न पडता, राबले आहे किंवा राबत आहे. या यंत्राच्या रचनेत पावणेचार शतकांत काय सुधारणा झाल्या, त्यांविषयी आज कोणकोणती मते प्रचलित आहेत आणि कोणते मुद्दे अद्याप निकाली निघावयाचे आहेत, याचा अनुक्रमाने परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच वायूच्या वर्तनाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व वादांचे मूळ तिच्यात आहे. वातावरणाच्या दाबाखाली हवेचा रेणू मिलिमीटरच्या दशसहस्रांशाहूनही कमी अंतर चालून गेला की दुसऱ्या रेणूवर आदळतो; त्यामुळे वायू प्रवाहाप्रमाणे वागतो आणि दट्ट्याने मोकळी केलेली जागा भरून काढण्यास आपण होऊन धावतो. दाब एका मिलिबारच्या सहस्रांशापर्यंत उतरला की हेच अंतर सुमारे सहा-सात सेंटिमीटर होते आणि दशलक्षांशापर्यंत उतरला की साठ मीटरांहून अधिक. या अवस्थेत रेणूंची परस्परांशी गाठ जवळजवळ पडतच नाही. ते केवळ पात्राच्या भिंतींवर आदळत राहतात आणि त्यांपैकी जो योगायोगाने पंपाच्या मुखाशी येईल तेवढाच पंपाच्या हाती लागतो. सबब उच्च निर्वातात पंप वायूस ओढून घेतो ही समजूत टिकत नाही. दाराशी आलेला रेणू परत फिरू नये आणि पंपाच्या अंगचे बाष्प, तेल, धूळ वा कंप पात्रात शिरू नयेत, याची तजवीज करणे हेच त्याचे मुख्य काम ठरते. पंप काय उपसतो आणि काय परत धाडतो, या जमाखर्चाच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्या म्हणजे या यंत्राच्या इतिहासातील बहुतेक सुधारणांची संगती लागते.

पूर्वपीठिका : दट्ट्या आणि पारा

पाणी उपसणारे पंप सुमारे दहा मीटरांहून अधिक खोलीवरून पाणी चढवू शकत नाहीत, हा सतराव्या शतकातील इटलीतील कारागिरांचा अनुभव होता. त्याची मीमांसा करताना टोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला आणि हवेस वजन असून तिचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो हे सिद्ध झाले. याच काळात जर्मनीतील मागडेबुर्गचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके याने, सुमारे १६५० साली, नळकांडे, दट्ट्या आणि झडपा यांचा पहिला वायुपंप घडविला. १६५७ साली त्याने दोन अर्धगोलांतील हवा उपसून ते विलग करण्यासाठी दोन्ही अंगांना आठ आठ घोडे जुंपल्याची हकीकत पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूक याच्या साहाय्याने १६५९ मध्ये सुधारलेला पंप बांधला आणि पुढील वर्षी त्यावरील प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

दट्ट्याच्या या पंपांत एक अंगभूत वैगुण्य होते. दट्ट्या तळाशी टेकला तरी त्याच्या व झडपेच्या दरम्यान थोडी जागा उरतेच. तेथे अडकलेली हवा दट्ट्या मागे सरताच प्रसरण पावून पुन्हा नळकांडे व्यापते, आणि पात्रातील दाब पुरेसा उतरल्यावर ही परतीची हवाच नव्या हवेस आत येऊ देत नाही. चामड्याच्या वा धातूच्या दट्ट्याने ही मृत जागा नाहीशी करता येईना. एकोणिसाव्या शतकात हे काम पाऱ्याकडे आले, कारण द्रवाचा दट्ट्या कोणत्याही आकाराची पोकळी पूर्ण भरून टाकतो. गाइस्लरने १८५५ मध्ये आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या हेर्मान स्प्रेंगेलने १८६५ मध्ये पाऱ्याचे पंप सिद्ध केले. स्प्रेंगेलच्या पंपात अरुंद काचनळीतून पाऱ्याचे थेंब एकापाठोपाठ खाली घसरत आणि दोन थेंबांमध्ये वायूची एकेक गुळणी पकडून नेत. हे काम विलक्षण धीम्या गतीचे होते; परंतु १८७९ साली एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत विजेचा दिवा टिकाऊ झाला, तो अशाच पंपांनी साधलेल्या निर्वातात तंतू जपला गेला म्हणून.

गेडे यांचे कार्य आणि रेण्वीय पंपांचा उदय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या क्षेत्राची दिशा ज्या एका व्यक्तीने ठरविली, ते जर्मन भौतिकीविद वोल्फगांग गेडे होत. १९०५ मधील पाऱ्याचा फिरता पंप, त्यानंतरचा तेलातील पात्यांचा फिरता पंप, १९१२ चा रेण्वीय पंप आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला विसरण पंप, ही त्यांची कामगिरी. विसरण पंपात तळाशी पारा उकळून त्याच्या बाष्पाचा झोत निर्माण करतात. पात्रातून भरकटत आलेले रेणू त्या झोतात सापडून खाली ढकलले जातात, बाष्प थंड भिंतीवर द्रवते आणि द्रव पुन्हा तळाशी ओघळतो. १९१६ साली अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी भिंतीवरील या संघननाचे महत्त्व ओळखून पंपाचा वेग बराच वाढविला आणि १९२८ मध्ये इंग्लंडमधील बर्च यांनी अत्यल्प बाष्पदाबाची तेले तयार करून पाऱ्याऐवजी ती वापरात आणली. एकही हलता भाग नसलेला, स्वस्त आणि वर्षानुवर्षे चालणारा हा पंप त्यानंतर दीर्घकाळ उच्च निर्वाताचा आधारस्तंभ राहिला.

त्याचा दोष मात्र त्याच्या कार्यपद्धतीतच होता. बाष्पाचा काही अंश उलट दिशेने पात्राकडे जातो, आणि तो अडविण्यासाठी मुखाशी थंड पडदे अथवा द्रव नायट्रोजनचे सापळे बसवावे लागतात. हे परतीचे तेल रोखण्याच्या खटाटोपातूनच पुढची मोठी सुधारणा निघाली. फायफर कंपनीतील विली बेकर यांनी विसरण पंपाच्या मुखाशी तेल अडविण्यासाठी फिरत्या पात्यांचा पडदा योजून पाहिला, तेव्हा तो पडदा स्वतःच वायू उपसतो असे आढळले. १९५८ साली त्यांचा टर्बो-रेण्वीय पंप पुढे आला. फिरती व स्थिर पाती एकाआड एक रचलेली, आणि फिरत्या पात्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला काहीशे मीटर, म्हणजे हवेच्या रेणूंच्या स्वतःच्या वेगाच्या बरोबरीचा: पात्यावर आदळलेल्या रेणूस एक ठराविक दिशा मिळते आणि तो पंपात अधिक खोल ढकलला जातो. लहान टर्बो पंप मिनिटाला नव्वद हजार फेऱ्यांपर्यंत फिरतात. एवढ्या वेगात बेअरिंगमधील वंगण हीच अडचण झाली, म्हणून पुढे रोटर चुंबकीय बलाने अधांतरी तोलण्याची पद्धत रूढ झाली. तिने तेल व घर्षण या दोहोंपासून सुटका केली.

मोजमापाची कसोटी

पंपाच्या सुधारणेइतकीच दाबमापकाची सुधारणाही निर्णायक ठरली. १९४० नंतरच्या दशकापर्यंत आयनीभवन मापके एका मिलिबारच्या दशकोट्यंशाच्या आसपास येऊन थबकत, आणि पंप यापलीकडे जाऊच शकत नाहीत असा समज दृढ होत चालला होता. वस्तुस्थिती वेगळी होती. मापकाच्या जाळीवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे क्षीण क्ष-किरण उत्पन्न होत, ते संग्राहकावर पडून तेथून इलेक्ट्रॉन उडवीत आणि हा खोटा प्रवाह वायूच्या नावे मांडला जाई. १९५० मध्ये बेयार्ड आणि आल्पर्ट यांनी रुंद संग्राहकाच्या जागी जाळीच्या मध्यभागी एक बारीक तार उभी केली, क्ष-किरणांना आदळण्यास फारसा पृष्ठभागच उरला नाही, आणि जुने पंप त्यापूर्वीच कितीतरी अधिक खोल निर्वात देत होते असे उघड झाले. अतिउच्च निर्वाताचे युग त्या तारेपासून सुरू झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पहिला वाद : तेलबंद की कोरडा?

प्राथमिक निर्वातासाठी, म्हणजे वातावरणाच्या दाबापासून सुमारे एक सहस्रांश मिलिबारपर्यंत, तेलात बुडालेला पात्यांचा फिरता पंप हे शतकभराचे रूढ साधन. त्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की तेल एकाच वेळी फटी बुजविते, वंगण पुरविते, उष्णता वाहून नेते आणि गंजापासून संरक्षण करते. पंप स्वस्त मिळतो, आणि बिघडल्यास गावातील कसबी फिटर तो उघडून, पाती व सील बदलून, पुन्हा चालू करू शकतो. रसायनाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत या पंपाची काचेची खिडकी पाहावी: ओल्या पदार्थाचे शुष्कीकरण चालू असता पाण्याची वाफ पंपात दाबली जाऊन द्रवते, तेलात मिसळते, आणि सोनेरी तेल काही वेळात दुधाळ होते. गेडे यांनीच १९३५ साली यावर उपाय काढला. दाबकक्षात थोडी कोरडी हवा मुद्दाम सोडली की वाफ द्रवण्यापूर्वीच निर्गमाची झडप उघडते. आजही जाणता साहाय्यक ही हवा सोडणारी लहानशी चकती फिरवून पंप तासभर मोकळा चालवतो आणि तेल पुन्हा स्वच्छ झालेले पाहूनच तो बंद करतो.

विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद १९८० नंतर अर्धवाहक उद्योगाबरोबर बळावला. चिप घडविताना वापरले जाणारे क्षरणकारी वायू तेलाचा चिखल करतात, तेलाची वाफ मागे येऊन सिलिकॉनचा पृष्ठभाग मलिन करते, आणि निकामी झालेले विषारी तेल टाकावे कोठे हा निराळाच प्रश्न उभा राहतो. यातून नखरूपी, मळसूत्री, बहुपदरी रूट्स व सर्पिल अशा कोरड्या पंपांची मालिका सिद्ध झाली. त्यांपैकी सर्पिल रचनेचे पेटंट लेऑं क्र्यू या फ्रेंच अभियंत्याने १९०५ मध्येच घेतले होते. परंतु ती वक्रे पुरेशा अचूकपणे कापणारी यंत्रे उपलब्ध होईपर्यंत ती कल्पना कागदावरच राहिली. मळसूत्री व रूट्स पंपांत दोन रोटर एकमेकांस किंवा भिंतीस स्पर्श न करता, मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आगेमागे फट राखून फिरतात.

कोरड्या पंपांवरील आक्षेपही वजनदार आहेत. फट बुजविण्यास तेल नसल्याने वायू मागे गळतो आणि ही गळती भरून काढण्यास अनेक टप्पे व अधिक वेग लागतो. यंत्र तापते, घन अवशेष साचल्यास रोटर अडकतो, आणि सर्पिल पंपाच्या कडेवरील पट्टी झिजून तिची भुकटी पडते. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत द्रावके परत मिळविण्यासाठी कोरड्या मळसूत्री पंपांचा पुरस्कार होतो, कारण द्रावक पाण्यात वा तेलात मिसळत नाही; परंतु त्यांची किंमत आणि दुरुस्तीसाठी निर्मात्यावर राहणारे अवलंबित्व लहान कारखानदारास जड जाते. तात्पर्य, स्वच्छता आणि क्षरणकारी वायू यांचा प्रश्न असेल तेथे निकाल कोरड्या पंपाच्या बाजूने लागला आहे. साध्या, स्वच्छ वायूच्या कामात तेलबंद पंपाची जागा अद्याप अबाधित आहे.

दुसरा वाद : बाहेर टाकणारे आणि धरून ठेवणारे

उच्च व अतिउच्च निर्वातात वाद निराळा आहे. टर्बो पंप वायू बाहेर टाकतो. आयन पंप, शीतपंप आणि गेटर, म्हणजे वायू शोषणारे धातू, तो आपल्याच अंगात धरून ठेवतात. अमेरिकेतील वॅरिअन कंपनीत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या आयन पंपात टायटॅनियमचे पत्रे, चुंबक आणि काही हजार व्होल्टांचा विद्युतदाब एवढीच सामग्री असते. आयनांच्या माऱ्याने टायटॅनियम उडते आणि त्याचा ताजा थर वायू शोषून घेतो. हलता भाग नाही, तेल नाही, कंप नाही. मात्र आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू त्यास नीट पचत नाही. शीतपंपात हेलियमच्या शीतकाने दहा ते वीस केल्व्हिनपर्यंत गार केलेल्या पृष्ठभागावर वायू गोठतात आणि हायड्रोजन व हेलियम कोळशाच्या थरात अडकतात. वेग प्रचंड, परंतु पोट भरले की पंप गरम करून रिकामा करावाच लागतो.

सर्न या युरोपीय संस्थेत बेनव्हेनुती व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायू धरून ठेवण्याच्या या विचाराचा शेवटचा टप्पा गाठला. टायटॅनियम, झिर्कोनियम व व्हॅनेडियम यांच्या मिश्रणाचा अतिपातळ थर नळीच्या आतील भिंतीवर चढवून ती सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की, जी भिंत एरवी वायू सोडते तीच वायू शोषू लागते. जिनीव्हाजवळील एलएचसी या प्रवेगकात कक्षतापमानाच्या भागातील सुमारे सहा किलोमीटर नळीस असा लेप आहे.

या प्रकारांचा समन्वय कसा होतो, हे लायगो या गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेत स्पष्ट दिसते. अमेरिकेतील या वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या दोन भुजांत मिळून सुमारे दहा हजार घनमीटर आकारमान आहे. तेथील हवा उपसण्यास ४० दिवस लागले, नळ्या महिनाभर दीडशे अंशांहून अधिक तापवून पोलादात दडलेला वायू हुसकावण्यात आला, आणि दाब वातावरणाच्या एक लक्ष कोटीव्या हिश्शापर्यंत उतरला. प्रत्यक्ष वेध चालू असता फिरत्या पंपाचा कंप तेथे खपत नाही. म्हणून पुढील काम आयन पंपांकडे आणि द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेल्या पृष्ठभागांकडे सोपविलेले आहे. याच आराखड्याची वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या साठवण-वलयात आयन पंपांचा दीर्घ अनुभव जमा आहेच; हिंगोलीच्या कामात त्याचा उपयोग होईल.

तिसरा वाद : पाणी आणि वीज

मोठ्या कारखान्यांत अतिउच्च निर्वाताचा प्रश्न नसतो. तेथे खर्चाचा असतो. एडवर्ड हॉवर्डने १८१३ साली काढलेल्या निर्वात पॅनमुळे उसाचा पाक साठ-सत्तर अंशांवर उकळतो आणि साखर करपत नाही. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत पॅनची वाफ उंच कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने द्रवविली जाते. तो दहा मीटरांहून उंच बसवावा लागतो, याचे कारण टोरिचेल्लीच्या स्तंभाचेच. वाफेबरोबर येणारी, न द्रवणारी हवा काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पाण्याच्याच जोरदार फवाऱ्यांनी ती ओढून नेणे; हा मार्ग साधा व निर्धोक, पण पाणी फिरविण्याची वीज फार घेतो. दुसरा, स्वतंत्र जलवलयी निर्वात पंप बसवून कंडेन्सरचे पाणी गरजेपुरतेच सोडणे. यात वीज वाचते, परंतु यंत्रे व देखभाल वाढते. जलवलयी पंपाची मर्यादा त्याच्यातील पाण्याच्या उष्णतेने ठरते: १५ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब सुमारे १७ मिलिबार असतो, ३० अंशांवर सुमारे ४२. विदेशी तक्त्यांतील क्षमता बहुधा १५ अंशांच्या पाण्यावर दिलेली असते. आपल्याकडे हंगामाच्या अखेरीस तळ्यातील पाणी त्याहून कितीतरी गरम असते. पंपाची निवड करताना हा तपशील सुटला, तर पुढे पंपास विनाकारण दोष येतो.

कोरड्या पंपांतही विजेचा हिशेब लक्षणीय आहे. अंतिम दाब गाठल्यावर पंप जवळजवळ काहीच उपसत नसतो, तरी वीज चालूच राहते. तिचा मोठा भाग वातावरणास तोंड देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात खर्ची पडतो. त्या टप्प्याच्या बाहेर एखादा लहान साहाय्यक पंप जोडून निर्गमाचा दाब उतरविणे, किंवा भार नसता मोटरचा वेग कमी करणे, हे उपाय आता सर्वमान्य झाले आहेत. ते जुन्या यंत्रांवर बसविणे परवडते की नवी यंत्रे घेणे, याविषयी मात्र मतभेद आहेत.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न हायड्रोजनचा. टर्बो पंपाचे संपीडन रेणूच्या वस्तुमानाच्या वर्गमुळावर घातीय स्वरूपात अवलंबून असते. त्यामुळे नायट्रोजनास सहज रोखणारा पंप, सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणाऱ्या हायड्रोजनापुढे लाखो पटींनी दुबळा ठरतो. अतिजंबुपार किरणांनी चिप छापणाऱ्या यंत्रांत हायड्रोजनच मोठ्या प्रमाणात वाहविला जात असल्याने हा दोष आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

दुसरा प्रश्न फ्लोरिनयुक्त पदार्थांचा. क्षरणकारी वायूंसाठी वापरली जाणारी तेले आणि सर्पिल पंपातील पट्ट्या बहुधा याच वर्गातील आहेत, आणि २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी या संपूर्ण वर्गावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे. सर्व गुणांत त्यांची बरोबरी करील असा पर्याय अद्याप पुढे आलेला नाही.

तिसरा प्रश्न अणुसंमीलनाच्या भट्टीचा. तिच्या इंधनातील ट्रिटियम तेलात मुरतो व तेलाची नासाडी करतो, म्हणून जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी भावी भट्टीसाठी पाऱ्याचा विसरण पंप आणि पाऱ्याचाच वलयी पंप यांची योजना मांडली आहे. पारा विषारी, म्हणून जग त्याचा वापर घटवीत आहे. आणि ट्रिटियमच्या बाबतीत तोच सर्वांत निरुपद्रवी सोबती ठरत आहे. या दोन विचारांचा मेळ कसा घालावयाचा, हे ठरावयाचे आहे.

निष्कर्ष

या आढाव्यातून निघणारा निर्णय असा की सर्व कामांस पुरून उरेल असा एकही निर्वात पंप नाही, आणि तसा तो होण्याची चिन्हेही दिसत नाहीत. शोषणवेग आणि अंतिम दाब या दोन आकड्यांवर पंपाची प्रत ठरविण्याची प्रथा अपुरी आहे. गेडेपासून बेकरपर्यंत आणि तेथून सर्नच्या लेपापर्यंत प्रत्येक मोठी सुधारणा पंपाची किंवा पात्राची परतफेड रोखण्यातून झालेली आहे. कारखान्यासाठी वा प्रयोगशाळेसाठी पंप घेणाऱ्या अभियंत्यास म्हणूनच माझी विनंती आहे की, पंप किती उपसतो हे विचारल्यावर त्याने आणखी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: पंप मागे काय सोडतो, आपल्या वायूत किती काळ टिकतो, भार नसता किती वीज घेतो, आणि दुरुस्त कोण करणार. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खरेदीच्या कागदावर सही करू नये.